छतातला हूक

"हे काय लोंबतंय मध्येच?" संस्थेच्या साहेबांनी नाक मुरडत दोन बोटांनी झोळी बाजूला सारली.

"झोळी आहे. मुलींची भावंडं निजतात तिच्यात," बाई म्हणाल्या.

"वर्गात?"

"घरी कोणाकडे ठेवणार? भावंडं सांभाळायची म्हणून तर शाळा सुटली यांची."

साहेबांचं लक्षच नव्हतं. शाळा सुटलेल्या मुलींसाठी असे आणखी वर्ग निघणार होते. त्यांचा शुभारंभ लॉन्ड्रीमागच्या या खोलीत होता आणि पाहुणे येऊन ठेपले होते. "काढा ती. फोटोत गबाळं दिसतं. आणि पोरंटोरं बाहेर."

बाईंना शिसारी आली. पण वर्ग वाढले तर कितीतरी मुली येतील, एवढ्या एका आशेवर त्यांनी तोंडातले शब्द गिळले आणि झोळी सोडली. छताला हूक एकच. त्यावर साहेबांनी भेट आणलेला पंखा चढला, लाल फितीसकट.

वाचून दाखवायला मोठीला निवडलं होतं. घरात सगळ्यांत मोठी, म्हणून तिला सगळे मोठीच म्हणत. तिला यंदा बाहेरून परीक्षेला बसायचं होतं. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची, झोका देत ओळ वाचायची, असंच ती वाचायला शिकली होती. आज धाकटा भाऊ बाहेर लॉन्ड्रीवाल्या काकांच्या हातात होता.

मोठी उभी राहिली. वाचायला लागली तसा तिचा उजवा पाय आपोआप पुढेमागे होऊ लागला.

"ही वाचतेय का नाचतेय?" पाहुणे म्हणाले. साहेब सगळ्यांत मोठ्याने हसले. त्या हसण्याची बाईंना किळस आली.

मोठीने पाय दाबून धरला आणि तिचं वाचन अडखळलं. तेवढ्यात बाहेर धाकट्याने भोकाड पसरलं. तिने पुस्तक खाली ठेवलं आणि ती सरळ बाहेर निघून गेली.

"दुसरी उभी करा!" साहेब कुजबुजले. खोली भरलेली दिसावी म्हणून त्यांनी जवळच्या शाळेतल्या मुली आणून बसवल्या होत्या. त्यांतल्या एकीने कडक इस्त्रीच्या गणवेशात तोच धडा घडाघडा वाचला. टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी मोठीच्याच पाटीवर चहाचे उष्टे कप ठेवले आणि मुलींच्या भविष्यावर भाषण ठोकलं.

जाताना साहेब म्हणाले, "बाई, उद्यापासून लहान मुलं आणायची नाहीत हं. आता आपला आदर्श वर्ग आहे."

आदर्श! बाईंनी पाटी धुतली, पुन्हा धुतली. तरी हाताला काहीतरी चिकट लागल्यासारखं वाटतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठी उंबऱ्याबाहेरच थांबली. कडेवर धाकटा.

"आत ये की."

"नको, बाई. सांगायला आले फक्त. याला सोडून मला येता नाही यायचं." तिने वर पंख्याकडे पाहिलं. "परीक्षेचं राहू दे आता."

बाईंनी लॉन्ड्रीवाल्या काकांना हाक मारली. "काका, मेन स्विच बंद करा आणि शिडी आणा. पंखा उतरवायचाय."

"अहो, नवाकोरा आहे! साहेब विचारतील ना."

"विचारू देत."

"तुम्हाला काढून टाकतील, बाई."

"टाकू देत. तोपर्यंत तर वर्ग माझा आहे ना?"

काका हसले आणि शिडीवर चढले. खाली मोठीने एका हाताने शिडी धरली, दुसऱ्या हाताने धाकट्याला. पंखा कोपऱ्यात भिंतीला टेकला, त्याची फीत धुळीत लोळली. हुकाला झोळी लागली. मोठीने धाकट्याला आत ठेवलं, दोरी अंगठ्याला बांधली आणि पुस्तक उघडलं. काल जिथे अडखळली होती, ती ओळ तिने पुन्हा वाचली. या वेळी न अडखळता.

थोड्या वेळाने धाकटा झोपला, तसा तिने आवाज हळू केला. मग नीट ऐकू यावं म्हणून बाई खुर्चीवरून उठल्या आणि तिच्याजवळ जमिनीवर येऊन बसल्या.