परीक्षेआधीचं अभिनंदन

लातूरच्या त्या चौकात शनिवारी सकाळी नवा फलक चढला, तेव्हा अनंतराव दूध आणायला निघाले होते. फलकावर त्यांच्या लेकीचा, वैष्णवीचा फोटो होता, फोटोला छापील गुलाबांचा हार होता आणि खाली ठळक अक्षरं होती : ‘नेटवर्किंगच्या उच्च परीक्षेत घवघवीत यश! हार्दिक अभिनंदन!’ शेजारी क्लासचे शेषेराव सर हात जोडून हसत होते. त्यांचा फोटो वैष्णवीच्या फोटोपेक्षा मोठा. अनंतराव निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी फलक दोनदा वाचला, दूध विसरले आणि पेढे घेऊन घरी आले.

अडचण एवढीच होती की परीक्षा अजून झालीच नव्हती. ती सोमवारी होती, हैदराबादला!

“अहो, पोरीला पेपर तरी देऊ द्या,” त्यांच्या पत्नी सौदामिनीबाई म्हणाल्या.

“आता काय राहिलंय त्यात? सरांच्या क्लासमधून आजवर कुणी नापास झालंय का?” अनंतरावांनी पेढ्यांचा पुडा सोडला आणि शेजारच्या चार घरी वाटूनही आले. ज्या माणसाने आयुष्यभर कॉपी करणाऱ्या पोरांचे कान पिळले, तो हा माणूस. त्याला यात काही वावगं वाटलं नाही, याचीच मला चीड येते.

वाचकहो, भूकंपानंतर लातूर सावरलं आणि बघता बघता क्लासचं गाव झालं. दहावी-बारावीला इथली पोरं जीव तोडून अभ्यास करत, ते खरंच होतं. नाव झालं ते त्याच्यावर. मग त्या नावावर पोट भरणारे आले. शेषेराव सर त्यातले. त्यांच्या क्लासला नांदेड, देगलूरपासून पोरं येत. संगणकांचं जाळं उभारायचं आणि बिघडलं तर दुरुस्त करायचं, ही विद्या तिथे शिकवत, असं फलक सांगत होता. प्रत्यक्षात सर परीक्षेतून फोडून आणलेले प्रश्न वाचत. तेही पुरते नाही. पहिले दोन-तीन शब्द उच्चारले की पन्नास पोरं एका सुरात ओरडत, “ब!” पुढचा प्रश्न, “ड!” प्रश्न काय आहे, ते विचारायची कुणाला गरज नव्हती. या प्रश्नांना पोरं ‘माल’ म्हणत. मालच तो, सडका!

क्लासमध्ये खरं यंत्र एकच होतं. संगणकांच्या दोन जाळ्यांमध्ये वाट दाखवणारं ते यंत्र, म्हणजे राउटर, काचेच्या कपाटात ठेवलेलं असे. खंडेनवमीला त्याला हळदीकुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचे आणि पुन्हा कुलूप. ते चालू केलेलं कुणीच पाहिलं नव्हतं.

वैष्णवी एका खासगी रुग्णालयाच्या संगणक विभागात कामाला होती. तिचा वरिष्ठ अनिमेष याच क्लासचा, मागच्या वर्षीच्या फलकावरचा. तो पुण्याला जाणार होता आणि त्याची खुर्ची वैष्णवीला मिळायची होती, अट एकच, ही परीक्षा पास. पोरगी हुशार होती. कधी कधी तिला वाटे, आपल्याला यातलं काही कळत नाही. मग ती स्वतःला समजावी, सगळेच असं करायलेत.

त्याच शनिवारी दुपारी रुग्णालयात उमाबाई आल्या होत्या. त्या अनंतरावांच्या थोरल्या बहीण, औशाकडच्या एका गावात दिलेल्या. त्यांची सून उज्ज्वला बाळंत झाली, मुलगा झाला, आणि रक्तस्राव काही थांबेना. डॉक्टरांनी रक्त मागवलं. रक्त जुळवल्याचा रिपोर्ट खालच्या मजल्यावरून संगणकावर यायचा होता.

आणि सगळे संगणक एकदम गोठले!

रिपोर्ट दिसेना, औषधांची मागणी जाईना. टेबलावरचे फोनही त्याच जाळ्यावर चालायचे, तेही मुके. वैष्णवी यंत्रांच्या खोलीत धावली. अनिमेष तिथे घामाघूम उभा होता. समोरच्या वायरी जोडलेल्या पेट्यांवरचे हिरवे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते.

“काय झालंय?”

“कळंना गेलंय.”

“अरे, तू पास आहेस ना!”

अनिमेष रडवेला होऊन म्हणाला, “वैष्णवी, इथं पर्याय दिलेले नाहीत गं!”

ते ऐकून तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. कारण तिला एकदम आठवलं की हा प्रश्न मालात आहे. दिवे असे लुकलुकतात, जाळं गुदमरतं, कारण काय? उत्तर ‘ब’. शंभर वेळा ती ओरडली होती, ‘ब!’ पण ‘ब’ म्हणजे काय करायचं? कुठे हात लावायचा? काही, काहीच आठवेना. ते कधी वाचलंच नव्हतं.

शेवटी घाबरून ती एकेक वायर उपटत सुटली. एक वायर निघाली आणि दिवे शांत झाले. साफसफाई करताना कुणीतरी लोंबणारं टोक नीटनेटकं दिसावं म्हणून जवळच्या रिकाम्या भोकात खोचलं होतं. दोन्ही टोकं त्याच पेटीत, म्हणून माहिती आतल्या आत गरगर फिरत राहिली होती. सापडलं ते निव्वळ नशिबाने. तोवर पाऊण तास गेला होता. सिस्टर जिन्याने धावत जाऊन हाताने लिहिलेला रिपोर्ट घेऊन आली होती, म्हणून उज्ज्वला वाचली.

संध्याकाळी उमाबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. वैष्णवी शेजारी जाऊन बसली.

“आत्या, वहिनी कशा आहेत?”

“हाय बरी. झोपली.” उमाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “येताना चौकात तुझा फोटो पाहिला. रिक्षावाल्याला बी सांगितलं, माझी भाची हाय म्हनून. परीक्षा कवा झाली गं?”

“सोमवारी आहे, आत्या.”

“मंग पास कवा झालीस?”

वैष्णवीने सगळं सांगितलं, माल, ‘ब’, ‘ड’, सगळं. वर म्हणाली, “सगळेच असं करतात, आत्या. रुग्णालयाला तरी काय, कागदच पाहिजे.”

“सगळे करतेत म्हनून तर आज हितं एवढे शिकलेले उभे होते अन् एकालाबी वायर कळंना! माझी सून तिकडं पांढरीफटक पडून राहिली होती.” उमाबाईंचा आवाज चढला, मग खाली आला. “भूकंपात माझी लेक भिंतीखाली गेली, तुला ठाऊक हाय. मागून गावाला नवी घरं बांधून द्यायलालते. माझ्या घराची भिंत साहेबानं जीपीतून न उतरता पास केली. मी पहार घातली तर भसाभसा वाळू गळाली. सिमिट नावालाबी न्हाई! ठेकेदार म्हने, बाई, भिंत पास हाय. मी म्हनले, पास हाय तर तू नीज तिच्याखाली लेकरंबाळं घेऊन.”

“मग?”

“मंग काय, पाडली अन् पुन्हा बांधली. पोरी, लोक तुझ्या भरवशावर निजनार हायती. चौकात पास झालेली ती भिंत तूच हायस बघ.”

वैष्णवीला स्वतःच्या तोंडाची शिसारी आली. त्याच तोंडाने ती वर्षभर ‘ब, ड, अ’ ओरडत होती!

ती तशीच उठून क्लासवर गेली. कचेरीत प्रवेशासाठी पालकांची गर्दी होती.

“सर, फलक उतरवा.”

शेषेराव सर हसले. “ताई, घाबरू नका. सोमवारी माल जशाचा तसा येणार. आणि फलक उतरवला तर लोक काय म्हणतील?”

“लोकांना मीच सांगते!” वैष्णवी पालकांकडे वळली. “त्या फलकावरची मुलगी मीच आहे. माझी परीक्षा अजून झालेलीच नाही!”

एका बापाने काढलेलं पाकीट परत खिशात घातलं. सर तिला घाईने आत घेऊन गेले. “काय पाहिजे तुम्हाला? फी परत देतो, पण ओरडू नका.”

“कपाटातलं यंत्र पाहिजे.”

“अहो, ते पूजेचं आहे!”

“म्हणूनच पाहिजे.”

रात्री घरी अनंतराव भडकले. “चार घरी पेढे गेलेत! आता तोंड कुठं लपवू?” सौदामिनीबाई शांतपणे म्हणाल्या, “तोंड लपवायची पाळी पेढे वाटताना यायला हवी होती.”

सोमवारी वैष्णवी हैदराबादला गेली नाही. खुर्ची त्याच क्लासच्या दुसऱ्या मुलाला मिळाली, कागद दाखवून. तिला ते लागलं, खूप लागलं. पण स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते कुंकू लावलेलं यंत्र आलं, रुग्णालयाच्या भंगारातून दोन पेट्या आल्या. ती जाळं जोडायची, मुद्दाम बिघडवायची आणि पुन्हा जोडायची. आठ दिवसांनी अनिमेष मान खाली घालून दारात उभा राहिला. “मलाही बसू दे.” पुण्याला जायचं त्याने रद्द केलं होतं; इथली खुर्ची तर आधीच गेली होती.

काही महिन्यांनी तिने परीक्षा दिली. पहिल्या वेळी ती नापास झाली. थोडक्यात, पण नापासच. अनंतराव स्वतः त्या चार घरी जाऊन सांगून आले, “आमची वैष्णवी नापास झाली. पण पेपर तिनं स्वतः सोडवला.” दुसऱ्या वेळी ती पास झाली. लगेच शेषेराव सरांचा फोन आला, “ताई, एक चांगला फोटो पाठवा.” तिने फोन ठेवून दिला.

त्याच आठवड्यात उमाबाई नातवाला घेऊन आल्या. पेढे तोंडात घालायच्या आधी त्या टेबलापाशी गेल्या. “तिकडं तोंड कर,” त्यांनी वैष्णवीला फर्मावलं आणि मनाला येईल ती वायर काढून भलत्याच भोकात खोचली. “आता सांग, कुठं बिघडलं?”

वैष्णवीने दिवे पाहिले, पडद्यावर दोन ओळी वाचल्या आणि वायर न शोधताच तिच्यावर बोट ठेवलं. उमाबाईंनी दुसरी काढली, मग तिसरी. पोरगी चुकली नाही.

तेव्हा कुठे उमाबाईंनी पेढा घेतला. “ही भिंत पास,” त्या म्हणाल्या.

वाचकहो, आपल्या चौकातही असे फलक आहेत. त्यावरचं कुणी उद्या आपल्या रक्ताचा रिपोर्ट सांभाळेल, कुणी आपल्या पुलाचं लोखंड मोजेल. त्यांना हार घालण्याआधी एकदा पहार घालून पाहा. आणि आपल्या घरातलं पोर न शिकता पास होत असेल, तर पेढे वाटू नका. लाज वाटू द्या!