दहापैकी सहा

परीक्षेच्या आदल्या दिवशी घराघरात जी धांदल असते, ती त्या सोमवारी दुपारी ब्रुसारांच्या स्वयंपाकघरातही होती. फरक इतकाच, की परीक्षार्थी एकतीस वर्षांचा होता आणि कमी गुण मिळवण्याचा अभ्यास करत होता.

कोर्विन ब्रुसार व्यावसायिक फुटबॉलपटू. अमेरिकेतल्या लुइझियानात फुटबॉल म्हणजे चेंडू पायाने मारण्याचा नव्हे, तो घेऊन पळणाऱ्याला आडवं करण्याचा खेळ. कोर्विनची जागा कॉर्नरबॅकची. मैदानाच्या कडेला समोरच्या संघाच्या सर्वांत चपळ गड्याला बिलगून उलट्या पावलांनी धावायचं आणि त्याच्याकडे येणारा चेंडू हाणून पाडायचा. चुकलं की सत्तर हजार लोकांना बोट दाखवायला नेमका माणूस सापडतो. म्हणून या धंद्यात एक गुण फार थोर मानतात: आठवण आखूड हवी. मागचा डाव विसरा, पुढचा खेळा. प्रशिक्षक पाठ थोपटताना म्हणतात, “पोराची आठवण झकास आखूड आहे!” यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

उद्यापासून सराव शिबिर. पहिल्या दिवशी संघाच्या डॉक्टर प्रत्येकाला दहा शब्द ऐकवतात, थोड्या वेळाने परत विचारतात आणि गुण लिहून ठेवतात. हंगामात डोक्याला मार बसला की हीच परीक्षा पुन्हा. गुण घसरले तर बाकावर. हुशार लोकांनी यावरही तोड काढली होती: मुळातच कमी गुण घ्या, म्हणजे घसरायला जागा राहत नाही. ही विद्या कोर्विनला सहा वर्षांपूर्वी डिमार्को नावाच्या संघातल्या सोबत्याने फुकट शिकवली होती.

“वाच गं आई,” कोर्विन म्हणाला.

त्याची आई वर्ना ही तिसरीच्या वर्गाची निवृत्त बाई. तिने शुद्धलेखन घालावं तसं वाचलं, “लिंबू, शिडी, घंटा, पाऊल, मध, कुंपण, तराजू, घोडा, सुई, ढग.” मग ताट वाढलं. लुइझियानात सोमवारी घरोघरी राजमा-भात शिजतो, तेव्हा तो होणं भागच होतं.

ताट रिकामं झाल्यावर तिने विचारलं, “हं, सांग.”

“लिंबू, शिडी, घंटा, मध, घोडा, ढग.” कोर्विन खूश झाला. “सहा! दरवर्षीप्रमाणे. बाकीचे चार मुद्दाम गिळले.”

“बरं. आता ओक.”

“काय?”

“गिळलेले चार.”

“पाऊल,” तो म्हणाला. मग थांबला. “कु... कुदळ?” मग उगाच हसला. फ्रिजची घरघर एवढी मोठी असते हे त्याला ठाऊक नव्हतं. “तू मध्येच भात वाढलास गं. माझं लक्ष गेलं.”

“मागच्या आठवड्यात गाडी दुकानापाशी विसरून चालत घरी आलास, तेव्हा पण मी भातच वाढत होते?”

“आई, हळू बोल. माझ्या जागेवर बावीस वर्षांचं पोरगं टपून बसलंय. मी दोन दिवस बाकावर बसलो, तर तिसऱ्या दिवशी माझं कपाट रिकामं करतील.”

“चौतीस वर्षं वर्ग सांभाळलाय मी,” वर्ना म्हणाली. “कॉपी करणारे पाहिले, परीक्षेच्या दिवशी पोट दुखणारे पाहिले. ते सगळे मला फसवायचे. स्वतःलाच फसवणारा तू पहिला! अरे, तुझं डोकं धड होतं तेव्हा कसं होतं, याला साक्षीदार तो एक कागद. आणि तू त्यालाच फितवलंस?”

कोर्विनने ताट उचलून नळाखाली धरलं. ते धुऊन झालं तरी तो धूतच राहिला.

“उद्या सगळे सांग,” ती म्हणाली. “जमतील तेवढे.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीच्या दाराशी डिमार्को भेटला. “सहाच बरं का भावड्या. हावरटपणा नको.”

आत कोर्विनने हावरटपणाच केला. दहाच्या दहा हवे होते. आले सहा.

डॉक्टर लँड्रीबाईंनी जुने आकडे पडद्यावर आणले. “सहा. गेल्या वर्षी सहा, त्याआधीही सहा. कोर्विन, इतकं स्थिर डोकं संघात दुसरं नाही! पळ सरावाला.”

काय ही गंमत! सहा वर्षं जो आकडा त्याने लबाडीने मिळवला, तोच आज जीव तोडून मिळाला होता! नोकरी वाचली होती. काय हरवलं हे कुणालाही कळणार नव्हतं. अडचण एवढीच, की ते त्यालाही कळणार नव्हतं. आणि पुढच्या धडकेनंतरही पडद्यावरचा आकडा म्हणणार, स्थिर आहे, पाठवा मैदानात!

बाहेर शिट्टी वाजली. दाराच्या मुठीवर ठेवलेला हात त्याने काढला.

“बाई, ते आकडे खोटे आहेत.”

“कुठले?”

“आजचा सोडून सगळे.”

लँड्रीबाईंनी उठून दार लावलं आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

तपासण्या तीन आठवडे चालल्या. खेळायची परवानगी मिळाली नाही. कोर्विनची जागा बावीस वर्षांच्या पोराने घेतली आणि, सांगायला नको, चांगली सांभाळली. डिमार्कोने बोलणं टाकलं. “तू बुडालास ते बुडालास, आता आमचेही जुने आकडे उकरतायत!” एवढंच शेवटचं म्हणाला.

ऑक्टोबरात त्याचाच फोन आला. परवा सामन्यात धडक बसली होती.

“बाईंकडे स्वतःहून जाऊन आलो,” तो म्हणाला. “पाच आठवले रे. खरे पाच.”

“कुठे आहेस?” कोर्विनने विचारलं. “गाडी चालवू नको. मी येतो.”

मंडळी, तुम्ही-आम्ही काही कॉर्नरबॅक नाही. पण डॉक्टरांनी विचारल्यावर “छे हो, मला कुठे काय” म्हणणारे आपल्यातही घरटी एक आहेत. ज्या मोजपट्टीने आपला जीव मोजला जाणार, ती आपल्याच हाताने वाकवू नये. वेळ आली की तीही आपलंच खोटं आपल्याला ऐकवते. आणि ही लबाडी एकट्या खेळाडूची नाही. पडलेला गडी झोकांड्या खात उठला की टाळ्यांचा कडकडाट करणारे आपणच असतो. यापुढे एखादा गडी बाकावर बसून म्हणाला, “मला आज नीट दिसत नाहीये,” तर टाळ्या त्यालाही वाजवा. उठण्यापेक्षा ते फार अवघड असतं.