खोट्या रोग्याचं खरं दुखणं

मित्रांनो, तुम्हाला ही थापच वाटणार, पण वैद्यकीय परीक्षेत नापास झालेला जगातला एकुलता एक स्टेथोस्कोप मीच. आता म्हातारपणी डॉक्टरीणबाईंच्या लेकीच्या खेळण्यांच्या खोक्यात तुमच्यात येऊन पडलोय. दात काय काढतोस रे अस्वला? ऐक.

बाई शिकत होत्या तेव्हाचा मी. त्यांच्या देशात एका खाटेवर दोन-दोन रोगी, तपासणीची यंत्रं कायम बंद आणि रांग थेट फाटकाबाहेर. त्यांचे सर ओरडायचे, "आधी कान, मग कागद!" दिवसाला शंभर छात्या ऐकायचो मी. भिंतीपलीकडच्या मांजरीला दमा आहे, हेही मीच ओळखलं होतं!

मग नवऱ्याच्या नोकरीपायी बाई इथे आल्या. इथे त्यांची पदवी चालेना. पुन्हा परीक्षा आणि तीही शेवटची संधी. इथली तऱ्हाच निराळी. रोगी म्हणून चक्क पगारी नट! त्याला खोटं दुखणं पाठ करायला कागद दिलेला. आधी हात धुवायचे, नाव विचारायचं, गोड बोलायचं. तसं चांगलंच की. आमच्याकडे रोग्याला "बसा" म्हणायलाही सवड नसे.

बाईंनी मला नटाच्या छातीवर टेकवलं आणि माझी नळी थरथरली. लब-डबच्या मध्ये फुस्स, फुस्स! हृदयाची झडप गळत होती, अगदी खरीखुरी.

"काका, तुमच्या हृदयात दोष वाटतोय. आजच दाखवून घ्या."

"छे हो डॉक्टर, पोटातच जळजळतंय. काल तिखट जास्त झालं ना!" नट काही भूमिका सोडेना.

"ते राहू दे. जिना चढताना धाप लागते का?"

तो गडबडला. त्याच्या कागदात जिना नव्हता.

परीक्षक खाकरले. "मॅडम, कागदावर अपचन आहे."

"कागदावर असेल, सर. छातीत नाही."

घंटा वाजली. बाई नापास.

तेव्हा मित्रांनो, मी ताडकन उभा राहिलो आणि गरजलो, "बाई बरोबर आहेत!" परीक्षक खुर्चीवरून कोसळले, नटाला तिथूनच रुग्णालयात हलवलं आणि बाईंना वाजतगाजत—

"आजोबा, खोटं!" एका डोळ्याची बाहुली म्हणाली. "बाई तर सकाळीच निळा गणवेश चढवून वृद्धाश्रमात लोकांना अंघोळ घालायला गेल्या. तुम्ही ओरडला असतात, तर आज त्यांच्या गळ्यात नसतात का? आणि त्या नटकाकांचं पुढे काय झालं, ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"