पस्तीस मिनिटांचं घड्याळ

मेम्फिस शहरात ल्युशियस पेटवे नावाचा बस ड्रायव्हर होता, त्याची बायको व्हर्लीन होती आणि त्यांची नात जोनेल होती. घरातलं चौथं माणूस म्हणजे मी. मी चावीचं मनगटी घड्याळ बोलतोय.

एकतीस वर्षं मी ल्युशियसच्या हातावर होतो. त्याची बस सकाळी सातला सुटायची. माझ्यात सात वाजले की तो दार लावायचा. धावत येणारा सख्खा भाऊ का असेना! ल्युशियस वारला आणि व्हर्लीननं मला बटणांच्या डब्यात ठेवलं. सहा वर्षं मी तिथे मुका पडून होतो.

मला बाहेर काढलं जोनेलनं. तिला वकिलीच्या कॉलेजात जायचं होतं. पहिल्या खेपेला प्रवेश परीक्षेत वेळ संपली आणि सात प्रश्न कोरे राहिले. आता शेवटची खेप, असं तिनंच ठरवलं होतं. परीक्षेच्या खोलीत फोन चालत नाही, काट्यांचं घड्याळ तेवढं चालतं.

"आजी, आजोबांचं घड्याळ देशील?"

"घे. पण त्याला लाज आणू नकोस. तो माणूस कधी उशिरा गेला नाही."

पेपराचा एकेक भाग पस्तीस मिनिटांचा. प्रत्येक भागाआधी जोनेल माझे काटे फिरवून सात वाजवायची. मोठा काटा सातच्या आकड्यावर आला की पेन्सिल खाली. दिवसातून चार-चारदा माझे सात वाजायचे. बाहेर ऊन उतरलेलं असो की चढलेलं. माणसं मिनिटं वाचवायला बसतात आणि किती वाजले तेच विसरतात, हे मी तेव्हा पाहिलं.

"आजी, या कोड्यात पाच माणसं एका बाकावर बसवायची आहेत. लाल टोपीवाला निळ्या टोपीवाल्याशेजारी नको."

"अगं, टोप्या काढायला सांग त्यांना, नि जेवायला ये!"

परीक्षेच्या सकाळी हात मोकळा व्हावा म्हणून तिनं घरीच एक भाग सोडवला. सवयीनं माझे सात वाजवले. मग मक्याची लापशी घेऊन निवांत बसली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "सात चाळीस. निघायला अजून वीस मिनिटं आहेत."

मला ओरडावंसं वाटलं. पण मला टिकटिकीखेरीज आवाज कुठला?

व्हर्लीनला अक्षर येत नव्हतं. ती वेळ कानानं ओळखायची. रेडिओवर शनिवारचे पाद्रीबुवा बोलू लागले तशी तिच्या हातातला डाव थांबला.

"जोनेल! पाद्री आले गं. ते सव्वाआठशिवाय तोंड उघडत नाहीत!"

"पण घड्याळात तर..."

"घड्याळ तूच फिरवलंस ना, शहाणे? ऊठ!"

साडेआठला परीक्षेच्या खोलीचं दार बंद होणार होतं. जोनेलनं गाडी पळवली. ती शेवटची आत शिरली आणि तिच्या पाठीमागे दार लागलं. ल्युशियसच्या बसचंच दार लागल्यासारखं मला वाटलं.

शेवटच्या भागात मोठा काटा सहाच्या पुढे सरकला, तेव्हा तिनं शेवटचं वर्तुळ काळं केलं. एकही प्रश्न कोरा नव्हता.

त्या रात्री व्हर्लीननं रेडिओ ऐकून जोनेलकडून माझी वेळ लावून घेतली. मला चावी द्या, कितीही कामाला लावा. पण काम झालं की मला खऱ्या वेळेवर आणून सोडा, एवढंच मागणं.

एप्रिलमध्ये कॉलेजचं पाकीट आलं. जोनेलनं मोठ्यानं वाचलं, "तुम्हाला प्रवेश देण्यात आला आहे."

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं.

"आता किती वाजले ते बघ," डोळे पुसत व्हर्लीन म्हणाली. "ल्युशियसला सांगायचं तर वेळेसकट सांगावं लागेल."

दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. अगदी खरी.