दोन बाटल्यांचा एक डबा

आमच्या जाऊबाईंना हाक मारायची लय वाईट खोड हाय. नाव त्यांचं मनुबाई, घरात सगळी आक्का म्हणतात. सोप्यात बसून त्या अशी काय हाक मारतात, की ऐकणाऱ्याला वाटावं पदरानं पेट घेतला. हातातलं टाकून पळत जावं, तर म्हणणार, काय न्हाई गं, मांजर दुधाकडं बघत हुतं. आता बघू द्यावं की त्याला, बघण्यानं काय दूध आटतं? पण हे तोंडावर बोलायची आपली टाप न्हाई. लगीन होऊन शिराळ्याजवळच्या ह्या गावात आले, तवापासनं मी त्या हाकेला पळतीया. आता मला सून यायची पाळी आली, तरी पळतीच हाय.

घरात भाऊ दोघं. थोरले केरबा, आक्कांचे मालक, ते उसाचं बघतात. धाकटे आमचे, फौजेतनं रिटायर झालेले. चूल मात्र एक, अन् त्या चुलीवरची भाकरी आक्काच थापणार. मी कालवण करायचं, ताटं वाढायची, पण पीठ मळायच्या काठवटीत हात घालायचा न्हाई. माझ्या भाकरीच्या कडा जाड होतात, असं त्यांनी मी आले त्याच आठवड्यात जाहीर केलं. कोर्टात तरी अपील असतं, हितं तेबी न्हाई. आमच्याकडं जिच्या हातात काठवट तिच्या हातात घर, मग ती कशाला सोडतील. मी वैतागून एकदा वेगळी चूल मागितली. आमचे मालक म्हणाले, शत्रूशी बोलणी करता येतात, वैनीशी न्हाई.

तर अशा ह्या आक्कांची बोटं आखडायला लागली. सकाळी उठलं की मूठ मिटायची न्हाई, मिटली तर उघडायची न्हाई. सांधे सुजून बोरांसारखे झालेले. सांगलीच्या डॉक्टरांनी आमवात म्हणून सांगितलं अन् गोळ्या चालू केल्या. पुढं त्याच दुखण्यानं माझंबी मनगट धरलं, पण आक्कांच्या मानानं कमी. गावातल्या बाया म्हणायच्या, ह्यांच्या घरात रोगसुद्धा एकाच चुलीवर शिजतो. एवढं होऊनबी आक्का पहाटे गरम पाण्यात हात बुडवून बसायच्या, अन् बोटं जरा सैल पडली की काठवट ओढायच्या. मी नुसतं "मी करू का" म्हटलं तरी त्यांचा चेहरा पडायचा. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. तो पडलेला चेहरा मला बघवत न्हवता.

त्याच साली ओवी आमच्या दारात आली. वाईची पोरगी, सांगलीत एका प्रयोगशाळेत संशोधन करणारी. स्कूटरवरनं गावोगाव आमवाताच्या बाया शोधत हिंडायची. जास्वंदीच्या कुंडीला स्कूटर घासून उभी केली, हे आक्कांना आवडलं न्हाई, पण चहा झाल्यावर दोघींचं जमलं.

तिनं आमाला समजावून सांगितलं. अंगात कोट्यवधी पेशी असतात अन् त्या एकमेकींना सारखे निरोप धाडत असतात. कुठं जखम झाली की तिथली पेशी हाक देते, बाकीच्या मदतीला धावतात. आमवातात काय होतं, तर जखम नसतानाच हाक जाते. धावून आलेल्या पेशी सांध्यात गर्दी करतात, काम काहीच नसतं, मग त्या सांध्यालाच खायला उठतात. तो निरोप मधल्यामधी अडवायचं औषध तिच्या प्रयोगशाळेनं शोधलं हुतं. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर तिनं कित्येक वर्षं काढली, अन् आता पहिल्यांदा ते माणसांना देऊन बघायचं हुतं.

मी म्हटलं, म्हणजे उगाच हाका मारणाऱ्या आमच्या आक्काच की ह्या. ओवीला हसू आवरेना. आक्का मात्र शांतपणे म्हणाल्या, पळत येणारीला अक्कल नगं व्हय?

मग तिनं रीत सांगितली. निम्म्या बायांना औषधाची कॅप्सूल, निम्म्यांना दिसायला तशीच पण मोकळी. कुणाला काय मिळालं ते बायांना ठाऊक न्हाई, ओवीलाबी न्हाई. डॉक्टरांच्या नेहमीच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. असं केलं तरच औषधाचा गुण खरा का मनाचा खेळ, ते कळतं. आक्कांनी एकच विचारलं, एका घरातल्या दोघी असल्या तर? ओवी म्हणाली, तरी तेच, दोघींना औषध मिळेल, एकीलाच मिळेल, किंवा कुणालाच नाही. त्यावर आक्का गप्प बसल्या. आक्का गप्प बसतात तवाच माणसानं सावध व्हावं, पण मी तिच्या कागदावर सही करायच्या घाईत हुते.

बाटल्या आल्या. खोटं कशाला बोलू, माझ्याच बाटलीत औषध निघू दे म्हणून मी देवाला हात जोडले. आक्कांचे हात बरे झाले तर काठवट मला जन्मात मिळायची न्हाई, हा माझा हिशोब. दोन्ही बाटल्या आक्कांनी आपल्या ताब्यात घेतल्या. त्याचं मला काय वाटलं न्हाई, कारण घरातली साखर, चहापूड, कपाटाची किल्ली सगळं त्यांच्याच ताब्यात. रोज सकाळी चहाबरोबर त्या माझ्या तळहातावर एक कॅप्सूल ठेवायच्या, एक स्वतः घ्यायच्या.

पुढच्या खेपेला ओवी आली ती उरलेल्या कॅप्सूल मोजायला. बाटल्या आणा म्हणाली. आक्का आत गेल्या अन् स्टीलचा डबा घेऊन आल्या, आमचा लाडवाचा. झाकण काढलं तर दोघींच्या कॅप्सूल एकत्र, वर वेलदोड्याचा वास. ओवीनं डब्यात बघितलं, मग आक्कांकडं, मग परत डब्यात. ह्यातल्या तुमच्या कुठल्या आणि ह्यांच्या कुठल्या, असं तिनं हळूच विचारलं. आक्का म्हणाल्या, दोघींच्या. कधीपासनं, तर पहिल्या दिवसापासनं.

पोरगी मटकन ओसरीवर बसली. आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले. म्हणाली, आता कुणी काय घेतलं ते कळायचा मार्गच राहिला नाही, तुम्हा दोघींना मोजणीतनं काढावं लागणार, आणि माझ्याकडं आधीच बायका थोड्या आहेत. तिच्या कित्येक वर्षांच्या कष्टात आमी वेलदोडा मिसळला हुता. मला असा राग आला, की कधी नव्हे ती आक्कांपुढं मी आवाज चढवला. म्हटलं, घरात दोन बाटल्या दिसल्या तर लोक म्हणतील वाटणी झाली, हीच ना तुमची भीती? सारखं एक चूल, एक डबा. पोरीचं वाटोळं केलंत.

आक्का माझ्याकडं वळल्याच न्हाईत. त्या ओवीशी बोलल्या.

"बाळ, तू म्हणालीस एकीला औषध अन् एकीला मोकळी. म्या ह्या घरात आजवर एकीचं ताट भरून दुसरीपुढं रिकामं ठेवल्यालं न्हाई. अर्धं का हुईना, दोघींच्या पोटात जाऊ दे म्हटलं."

"पण मोठ्या काकू, अर्ध्यानं कदाचित कुणालाच गुण येणार नाही."

"न्हाई तर न्हाई येऊ दे. मग दोघींनाबी न्हाई."

ओवीनं डोळे पुसले. मी देवाकडं काय मागून ठेवलं हुतं ते त्या बाईला ठाऊक न्हवतं, ह्याचं मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

मोजणीतनं आमची नावं गेली, पण ओवीचं येणं काय सुटलं न्हाई. चहाला यायची, आक्कांना सांगलीला डॉक्टरांकडं घेऊन जायची, औषधं बदलून आणायची. पुढच्या गावातल्या बायांना ती आता सगळ्यात आधी विचारायची, तुमच्या घरात लाडवाचा डबा कुणाच्या ताब्यात असतो. पण थंडी पडली अन् आक्कांची बोटं आणखी वाकली. भाकरी थापायचा आवाज घरभर जायचा, त्याची लय मला पाठ. ती आता तुटायला लागली. दोन थापा पडायच्या अन् मग बराच वेळ काहीच न्हाई. मी भाजी चिरता चिरता तिसऱ्या थापेची वाट बघत बसायची.

शाळू जोंधळ्याच्या काढणीच्या वक्ताला ओवी परत आली. प्रयोग संपला हुता. औषधानं काही बायांना उतार पडला, काहींना न्हाई, आता मोठा प्रयोग करायला परवानगी मागितली हाय म्हणाली. तेवढ्यावरच तिचा चेहरा फुलला हुता. कुणाच्या बाटलीत काय हुतं ते आता उघड झालंय, अन् तुमाला विचारायचा हक्क हाय, असंबी म्हणाली.

"नगं सांगू," आक्का म्हणाल्या. "कळलं की एकीनं दुसरीला दिलं असं हुतंय. आत्ता कसं, दोघींनी खाल्लं."

एवढं बोलून, जेवल्याशिवाय जायचं न्हाई असा ओवीला दम भरून त्या आत भाकरी टाकायला गेल्या.

मला मात्र राहवेना. औषध त्यांच्या बाटलीत असंल, तर ह्या बाईनं आपल्या बोटांतला घास काढून मला दिला. माझ्या बाटलीत असंल, तर जन्मात एकदा का हुईना, माझ्या हातनं आक्कांना काय तरी गेलं. मला ते दुसरं पाहिजे हुतं. मी ओवीजवळ सरकले, हळूच विचारलं. ती म्हणाली, नक्की सांगू? मी मान हलवली.

तेवढ्यात आतनं हाक आली, "संयोगिताऽ".

ओवी हसली, म्हणाली, आला बघा निरोप. मी म्हटलं, मांजर असंल, थांबू दे त्याला. दुसरी हाक येईल म्हणून मी वाट बघितली, कारण आक्का एका हाकेवर कवाच थांबत न्हाईत. दुसरी आली न्हाई. तशी मी पळाले.

मांजर न्हवतं. तवा तापून धूर निघत हुता. काठवटीत गोळा अर्धा पसरलेला अन् त्यावर आक्कांचा हात तसाच टेकलेला. बोटं उघडत न्हवती. माझ्याकडं न बघताच त्या म्हणाल्या, "हात चालंना गं. तू थाप." अन् चुलीपुढनं बाजूला सरकल्या.

त्या जागेवर बसायला मिळालं की काय काय ऐकवायचं, ते मी वर्षानुवर्षं मनात घोकून ठेवलं हुतं. त्यातलं एक अक्षर आठवलं न्हाई. मी बसले अन् मला रडूच आलं. म्हटलं, आक्का, मला नगं हे, तुमचंच असू द्या. त्या म्हणाल्या, नगं कसं, पाव्हणी बसलीया बाहेर, पिठात पाणी कमी हाय का तुझं टिपूस पडायला.

मी थापायला लागले. ओवी येऊन दारात उभी राहिली. तिनं ते उत्तर सांगितलं न्हाई अन् मीबी परत विचारलं न्हाई. भाकरी तव्यावर टाकली, उलथली, मग निखाऱ्यापुढं उभी केली. ती टम्म फुगली.

आक्कांनी ती वाकड्या बोटांनी उचलली, चटका बसला तरी सोडली न्हाई. तिच्या कडेवरनं अंगठा फिरवत सगळीकडनं बघितली. मग मोडून अर्धी ओवीच्या हातात दिली अन् अर्धी माझ्या.

"कडा जाड हायत," त्या म्हणाल्या.