शेजाऱ्यांना विचारा

गणिताच्या मॅडमची लिमिट शिकवायची पद्धत ठरलेली होती. फळ्यावर सरळ रेघ काढायची, तिच्यावरचा एक बिंदू बोटानं पुसून भोक पाडायचं आणि दरडावायचं, "भोकाला काही विचारू नका. शेजाऱ्यांना विचारा." त्या एका जागी शून्याला शून्यानं भागायची वेळ येते, तिथे उत्तरच नसतं. पण डावीकडून या नाहीतर उजवीकडून या, शेजारचे सगळे एकाच आकड्याकडे बोट दाखवतात. तेच लिमिट. पोरं पाठीमागे या वाक्याची नक्कल करायची, हे मॅडमना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

यंदा त्यांचा मुलगा पहिल्या वर्षाला त्यांच्याच वर्गात बसणार होता. घरातही तू आणि वर्गातही तू, म्हणजे माझी सुटका नाहीच, असं म्हणून चिडवायचा. सुट्टीत तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत पोरगा गेला. कॉलेज उघडलं त्या दिवशी मॅडम वर्गावर हजर होत्या. लोक म्हणाले, बाईचं काळीज दगडाचं आहे. लोकांचं काय जातंय बोलायला!

वर्ग गच्च भरलेला असायचा, उशिरा येणारे भिंतीला टेकून उभे राहायचे, पण तिसऱ्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर कुणी बसेना. मोडकी असेल, असं मॅडमना वाटलं. शिपायानं हलवून बघितली, चांगली धडधाकट होती. मग मात्र त्यांच्या मनात पाल चुकचुकली. खुर्चीच्या डावीकडची चष्मेवाली अंग चोरून लिहायची, शेजारच्याचं कोपर लागत असल्यासारखी. पुढचा मुलगा सारखी आपली खुर्ची पुढे ओढायचा. मागची मुलगी फळा बघायला मान वाकडी करायची.

मॅडमचा मुलगा डावखुरा होता. ताडमाड उंच होता. आणि पाय पसरून बसायची त्याची खोड काही केल्या गेली नव्हती. जेवताना टेबलाखाली आईला रोज त्याची लाथ लागायची.

हे सांगणार कुणाला? खुर्चीकडे मॅडम बघायच्याच नाहीत, शेजाऱ्यांकडे बघायच्या, आणि तेवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा. भीती वाटत नव्हती असं नाही. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. उद्या तिथे कुणी येऊन बसलं तर?

तो दिवस आलाच. दुसऱ्या कॉलेजातून आलेला एक नवा मुलगा जागा शोधत शोधत नेमका त्या खुर्चीपाशी थांबला.

"मॅडम, इथे कुणी बसतं का?"

हो म्हणावं तर वेड्यात काढतील, नाही म्हणायला जीभ रेटेना. पण पोराला उभं तरी किती ठेवणार? तेही कुठल्यातरी आईचं लेकरूच. मॅडम म्हणाल्या, "बस."

तो बसला. चष्मेवालीनं वही ऐसपैस पसरली. पुढच्यानं खुर्ची मागे घेतली, मागच्या मुलीची मान सरळ झाली. संपलं सगळं. भोक बुजलं. डोळे पोरांना दिसू नयेत म्हणून मॅडमनी फळ्याकडे तोंड फिरवलं आणि सवयीनं रेघ काढली.

वळून बघतात तर पहिल्या रांगेतल्या सगळ्यांच्या माना वाकड्या. अर्धी पोरं डावीकडे झुकलेली, अर्धी उजवीकडे. मॅडमच्या खांद्याशी, हातभर अंतरावर एक जागा होती, तिला वळसा घालून सगळी फळा बघत होती. तिथे कुणी नव्हतं.

दिसत नाही का, असं त्यांनी विचारलं. पहिल्या रांगेतली एक मुलगी अवघडून म्हणाली की नाही दिसत, पण का ते काही तिला सांगता येईना.

मॅडमनी खडू खाली ठेवला. त्या जागेकडे न बघता, घरात बोलायच्या त्याच आवाजात त्या हळूच म्हणाल्या, "बाळा, जरा बाजूला हो. त्यांना दिसू दे."

पहिल्या रांगेतल्या माना एकेक करून सरळ झाल्या.