तेल होतं, तरी विझलो

मी एक जुना पितळी दिवा आहे. पण उजेड पाडणं हे माझं खरं काम कधीच नव्हतं. मित्रांनो, मी कोळशाच्या खाणीत गॅस ओळखायचो. आत गॅस साचला, की माझ्या बारीक केलेल्या ज्योतीवर निळी टोपी चढते. टोपी दिसली, की सगळ्यांनी बाहेर पडायचं, असा खाणीचा नियमच होता. मला बोलता येत नाही. जे सांगायचं ते त्या टोपीनेच.

कारखान्यात माझ्यावर तारेची जाळी चढवली, जाड काच बसवली आणि खाणीत मी तात्यांच्या हाती पडलो. तात्या म्हणजे गॅसचे तपासनीस. हात हलका, नजर घारीची. "तांदळाएवढी टोपी असली तरी मला दिसते," असं ते छाती फुगवून सांगायचे, आणि ते खरंही होतं. एकदा मोठ्या साहेबांनी सर्वांदेखत त्यांची पाठ थोपटली. तेव्हा मी त्यांच्याच हातात होतो, म्हणून थोडी शाबासकी मीही लाटली.

पुढे त्यांना मोतीबिंदू झाला, माझी ज्योतही धूसर दिसू लागली. आधी मला वाटलं, माझीच काच मळली असेल. पण दिवाखोलीत तात्यांची सून कामाला होती आणि ती मला रोज लख्ख पुसायची. नियमाप्रमाणे दरवर्षी डोळ्यांची तपासणी व्हायची. तात्यांनी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ताच तोंडपाठ करून टाकला होता. झाले पास! मग रोज खाणीत जायचं, मला छताशी धरायचं आणि वर येऊन वहीत एकच शब्द लिहायचा: 'निरंक'. गॅस नाही. नशिबाने तो खरंच नसायचा. पण माझा जीव रोज टांगणीला लागलेला असे.

एके दिवशी सकाळी नव्या बोगद्याच्या तोंडाशी अकरा माणसं खोळंबून उभी होती. त्यांत तात्यांचा मुलगाही होता. तात्या एकटेच आत गेले. त्यांनी वात बारीक केली आणि मला छताकडे उचललं. माझ्यावर बोटभर निळी टोपी चढली. तात्या माझ्याकडे बघत होते, पण त्यांना काही दिसत नव्हतं! त्यांनी मला आणखी वर नेलं. सगळी जाळी निळ्या ज्वाळेने भरली आणि गॅस फारच झाला की विझतो, तसा मी विझलो.

"तेल संपलं वाटतं," तात्या पुटपुटले. बाहेर येऊन त्यांनी हात हलवला. "जा रे, निरंक आहे."

माणसं आत गेली. विझलेला दिवा खाणीत पुन्हा पेटवायला बंदी, म्हणून तात्या मला घेऊन वर आले. वहीत नेहमीचा शब्द लिहिला आणि सुनेवर खेकसले, "तेल बघून देत जा गं!"

तिने मला कानाशी धरून हलवलं. आत तेल डुचमळलं.

"तात्या, तेल आहे की. मग हा विझला कसा?"

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिचा नवरा आत होता.

तात्यांनी धडपडत खाणीचा फोन उचलला. "सगळ्यांना बाहेर काढा! कशाला हात लावू नका. गॅस आहे. मला दिसत नाही रे, कधीपासून दिसत नाही!"

मग त्यांनी 'निरंक'वर रेघ मारली आणि सुनेच्या हाताला धरून, माणसांची ने-आण करणाऱ्या खाणीच्या पाळण्यापाशी गेले. माणसं वर येऊ लागली तशी ती मोजत होती. आठ. नऊ. दहा. मग बराच वेळ कुणीच नाही. मी दिवाखोलीच्या खिडकीत होतो. तेव्हासारखी भीती मला कधी वाटली नाही.

शेवटी पाळणा वर आला आणि मुलगा उतरला. "काय हो तात्या, पाळी बुडवली आमची," तो म्हणाला. तात्यांनी दोन्ही हातांनी त्याचा चेहरा चाचपला, नाक, कान, हनुवटी, आणि ते तिथेच खाली बसले.

त्यानंतर तात्यांना ते काम कुणी दिलं नाही आणि त्यांनी मागितलंही नाही. गॅस मोजायला यंत्र आलं, मी कपाटात गेलो. आता काच कुणी पुसत नाही. त्याचं मला फारसं दुःख नाही.

पण मित्रांनो, तुमच्या भरवशावर कुणी आत पाऊल टाकणार असेल, तर 'मला दिसत नाही' हे आधी सांगा. तात्यांना ते सांगायला अकरा माणसं आत जावी लागली.